कार्ल बॉश: रिॲक्टरला भोकं पाडणारा माणूस

बॉश म्हटलं की नाशिककरांना मायको सर्कल आठवतं (मायको म्हणजे बॉशचीच इथली कंपनी) आणि बाकीच्यांना ड्रिल मशीन नाहीतर वॉशिंग मशीन. तो बॉश वेगळा, स्टुटगार्टचा रॉबर्ट बॉश. मी लिहितोय ते त्याच्या सख्ख्या पुतण्याबद्दल, कार्ल बॉशबद्दल. काकाचं नाव घराघरात पोचलं, पुतण्याचं नाव केमिकल इंजिनिअर सोडले तर फारसं कुणाला माहीत नाही, पण शेतात युरियाची गोणी फुटते त्यातला नत्र ज्या पद्धतीने हवेतून काढलेला असतो ती पद्धत कारखान्यात चालवून दाखवली ती या पुतण्याने. युरियाचंही तसंच, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून युरिया बनवायची जी रीत आज जगभर चालते तिचं नावच बॉश-मायझर आहे, १९२२ ची.

मी बरीच वर्षं खताच्या कारखान्यात अमोनिया सेक्शनला काढली, त्यामुळे हा माणूस मला जरा जास्तच जवळचा वाटतो हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजच्या पुस्तकात असतं ना, नायट्रोजन अधिक हायड्रोजन, लोखंडाचा कॅटॅलिस्ट (रिॲक्शनला वेग देणारा पदार्थ), साडेचारशे-पाचशे डिग्री, दोनशे ॲटमॉस्फिअर (हवेच्या दाबाच्या दोनशे पट प्रेशर), बाण काढायचा आणि पुढे अमोनिया लिहायचं, संपलं. वर नाव हेबर प्रक्रिया. त्या "दोनशे ॲटमॉस्फिअर" या दोन शब्दांसाठी कुणाचं तरी चार वर्षं रक्त आटलंय हे पुस्तकात कुठेच येत नाही, आणि ते आटलंय बॉशचं आणि त्याच्या माणसांचं.

असो. सुरुवातीपासून सांगतो.

कार्लचा जन्म २७ ऑगस्ट १८७४, कोलोन शहरात. वडील रॉबर्टचे थोरले भाऊ, त्यांचा गॅसच्या आणि नळाच्या सामानाचा धंदा. म्हणजे पोरगा लहानपणापासून पाइप, व्हॉल्व्ह, कपलिंग यातच वाढला आणि घरीच एक छोटं वर्कशॉपही होतं. शाळा झाल्यावर वडिलांनी त्याला आधी थेट सायलेशियातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात धाडलं, तिथे वर्षभर त्याने ओतकाम, फिटरकाम, सुतारकाम, सगळ्या खात्यांत हात काळे केले. मग बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला धातुशास्त्र आणि मेकॅनिकल, आणि तिथे मन रमेना म्हणून १८९६ ला लाइपझिगला केमिस्ट्री, १८९८ ला डॉक्टरेट. हे सगळं इतकं सविस्तर का सांगतोय तर पुढे त्याने जे केलं ते नुसत्या केमिस्टला जमलं नसतं आणि नुसत्या मेकॅनिकलवाल्यालाही नाही. आमच्याकडे प्रोसेसवाले आणि मेंटेनन्सवाले एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हा माणूस एकटाच दोन्ही होता.

१८९९ ला तो बीएएसएफमध्ये लागला, ऱ्हाईनकाठी लुडविग्सहाफेनला. ही रंग बनवणारी कंपनी. दोनच वर्षांपूर्वी, १८९७ ला, त्यांनी कृत्रिम नीळ बाजारात आणली होती आणि त्या एका मालाने बिहारमधल्या निळीच्या धंद्याची पुढच्या काही वर्षांत वाट लागली. म्हणजे या कंपनीचा आपल्याशी संबंध युरियाच्या आधीपासूनचा आहे, आणि तो फार गोड नाही. बॉशचा पहिला साहेब रुडॉल्फ क्नीच हा तर निळीवर आणि सल्फ्युरिक ॲसिडवर काम केलेला कसलेला माणूस.

त्या काळात युरोपभर एकच चिंता होती, नत्र. १८९८ ला विल्यम क्रूक्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ब्रिस्टलला भाषण करून सांगून टाकलं होतं की गहू खाणारी तोंडं वाढतायत, जमिनीला नत्र पाहिजे, चिलीच्या वाळवंटातला सोरा (नत्र असलेला क्षार) कधीतरी संपणार, तेव्हा केमिस्ट लोकांनीच आता काहीतरी करावं. हवेत तर अठ्ठ्याहत्तर टक्के नत्र आहे, पण तो असा घट्ट जोडीने बसलेला की कुणाशी बोलायला तयार नाही. शिवाय नत्र म्हणजे नुसतं खत नाही, दारूगोळाही त्याच्यापासूनच, आणि जर्मनीचा सगळा सोरा समुद्रमार्गे येणार, समुद्र इंग्रजांच्या ताब्यात. आता कळलं ना की सरकारांचा पण यात एवढा इंटरेस्ट का.

मग आला १९०० चा तो किस्सा, जो मला फार आवडतो. विल्हेल्म ओस्टवाल्ड म्हणजे तेव्हाचा केमिस्ट्रीतला बाप माणूस, लाइपझिगचा प्रोफेसर, पुढे १९०९ ला नोबेल मिळालं त्याला. त्याने बीएएसएफला कळवलं की गरम लोखंडावरून नायट्रोजन-हायड्रोजन सोडला की अमोनिया मिळतो, मी करून बघितलंय, घ्या प्रोसेस, दहा लाख मार्क द्या. कंपनीने तपासायचं काम कुणाला दिलं तर पंचविशीतल्या या नवीन पोराला. बॉशने प्रयोग मांडले, परत परत केले, आणि सांगितलं की अमोनिया येतोय तो हवेच्या नत्रातून नाही, लोखंडातच आधीपासून मुरलेल्या नत्रातून येतोय, तो संपला की अमोनियाही संपणार. ओस्टवाल्ड भडकला, कालच लागलेल्या आणि काही न येणाऱ्या पोराला काम दिल्यावर दुसरं काय होणार अशा अर्थाचं पत्र लिहिलं त्याने कंपनीला. पण शेवटी माघार त्यालाच घ्यावी लागली, कारण पोरगा बरोबर होता. नोकरीला लागून एक वर्ष झालेला ज्युनिअर देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रोफेसरला "सर, तुमचा रिझल्ट चुकलाय" म्हणतो आणि कंपनी ज्युनिअरच्या बाजूने उभी राहते, आपल्याकडे किती ठिकाणी होईल हे मला विचारू नका.

त्यानंतर काही वर्षं बॉश स्वतः नत्राच्या मागे होता, बेरियम सायनाइड वगैरे रस्त्याने, त्याचा छोटा प्लांटही टाकला होता, पण ते काही परवडेना आणि बंद केलं.

इकडे कार्ल्सरूहेला फ्रित्झ हाबर नावाचा प्रोफेसर (पुस्तकातल्या हेबर प्रक्रियेतला हेबर तो हाच) प्रेशर वाढवून बघत होता. त्याचं गणित साफ होतं, प्रेशर वाढवा, अमोनिया वाढेल, आणि वापरलेला गॅस फेकू नका, अमोनिया गार करून काढून घ्या आणि उरलेला गॅस परत फिरवा. आजही प्रत्येक अमोनिया प्लांटमध्ये हेच चालतं, आम्ही त्याला लूप म्हणायचो. हाबरने मार्च १९०९ मध्ये बीएएसएफच्या लोकांना बोलावून सांगितलं की शंभराच्या वर ॲटमॉस्फिअर लागतील. कंपनीच्या लॅबचा मुख्य बेर्नट्सेन हादरलाच, म्हणाला शंभर? आमच्याकडे कालपरवाच सात ॲटमॉस्फिअरचं भांडं उडालं. कंपनीचा मुख्य हाइनरिश फॉन ब्रुंक, त्याने बॉशकडे बघितलं. बॉशने सांगितलं की होऊ शकेल, स्टीलवाले काय करू शकतात ते मला माहीत आहे, धोका पत्करावा. त्या एका वाक्यावर कंपनीने पैसे ओतले. सायलेशियातलं ते काळ्या हाताचं वर्ष इथे कामाला आलं, असं मला वाटतं.

२ जुलै १९०९ ला हाबरने प्रत्यक्ष डेमो दिला. बॉश आणि त्याच्या हाताखालचा केमिस्ट अल्विन मिटाश दोघं गेले होते. आणि डेमोच्या दिवशी जे व्हायचं तेच झालं, हाय प्रेशरचा एक बोल्ट आवळताना तुटला. दुरुस्तीला तास गेले, बॉशला परत जायचं होतं तो निघून गेला, मिटाश थांबला आणि त्याने डोळ्यांनी बघितलं की थेंब थेंब पण सतत अमोनिया येतोय. तो खूश होऊन परतला.

आता हाबरकडे होती टेबलावर मावेल एवढी नळी, आणि कॅटॅलिस्ट ऑस्मियम. ऑस्मियम जगात किती, तर म्हणतात की कंपनीने मिळेल तेवढं सगळं विकत घेऊन ठेवलं तरी शंभर किलोच्या आसपास भरलं. शंभर किलोत कारखाना कसा चालणार? हाबरचं काम इथे संपलं आणि बॉशचं सुरू झालं. मला हाबरला कमी लेखायचं नाहीये, तो रस्ता त्यानेच दाखवला, पण टेबलावरची नळी आणि दिवसाला टनावारी माल देणारा कारखाना यांच्यातलं अंतर ज्याने कधी प्लांट उभा करून चालू केलाय त्यालाच कळतं.

तीन अडचणी होत्या. गॅस स्वस्तात पाहिजे, कॅटॅलिस्ट स्वस्त आणि टिकाऊ पाहिजे, आणि रिॲक्टर, म्हणजे ज्या भांड्यात ही रिॲक्शन होते ते, फुटला नाही पाहिजे.

कॅटॅलिस्टचं काम मिटाशकडे. याने काय केलं तर छोट्या छोट्या टेस्ट रिॲक्टरची रांग लावली, ज्यात कॅटॅलिस्टची पुडी पटकन बदलता येईल, आणि हाताला लागेल ते ट्राय करत सुटला. हजारो पदार्थ, आणि पुढच्या काही वर्षांत मिळून वीस हजारांच्या घरात टेस्ट. त्यात स्वीडनच्या गेलिव्हारे खाणीतल्या मॅग्नेटाइटचा एक जुना तुकडा एकदम भारी निघाला, आणि शुद्ध लोखंड मात्र फेल. का? कारण दगडात दुसरं काहीतरी मिसळलेलं होतं. मग शोधून काढलं की लोखंडात थोडं ॲल्युमिना आणि थोडं पोटॅश पाहिजे. आज शंभराहून जास्त वर्षं झाली, अजूनही बहुतेक प्लांटमध्ये भरला जाणारा काळा खडा मुळात तोच आहे, थोडाफार इकडेतिकडे. आम्ही ड्रमच्या ड्रम ओतलेत, तोंडाला मास्क लावून, आणि एकालाही तेव्हा मिटाशचं नाव माहीत नव्हतं.

गॅसचं सांगायचं तर नायट्रोजन हवा थंड करून मिळत होता, हायड्रोजन मात्र दगडी कोळशाच्या कोकवर वाफ सोडून काढायचा, त्यात अर्धा कार्बन मोनॉक्साइड यायचा आणि तो कॅटॅलिस्टला विष. मग तो कार्बन मोनॉक्साइड वाफेबरोबर परत हायड्रोजनमध्ये बदलायचा आणि उरलासुरला तांब्याच्या द्रावणाने धुऊन काढायचा असा सगळा खटाटोप. हे पण याच टीमने बसवलं. शिवाय दोनशे ॲटमॉस्फिअरवर चालणारे मोठे कंप्रेसर नव्हते, गॅसमध्ये किती टक्के काय आहे हे चालू लाइनवर सांगणारी मीटर नव्हती, तीही स्वतःच बनवली.

आणि आता रिॲक्टर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझा विषय आहे.

बॉशने पहिल्या नळ्या चांगल्या जाड कार्बन स्टीलच्या बनवल्या. अनुभवी माणूस असल्यामुळे त्या जाड काँक्रीटच्या खोल्यांत बसवल्या, आणि बरं झालं बसवल्या. साधारण ऐंशी तास चालल्या आणि फुटल्या. कापून बघितलं तर बाहेरून स्टील ठणठणीत आणि आतून भुसभुशीत, तडे गेलेलं. कारण असं की जास्त तापमानाला आणि प्रेशरला हायड्रोजनचे अणू स्टीलच्या आत शिरतात, स्टीलला ताकद देणारा जो कार्बन असतो त्याच्याशी चिकटून मिथेन बनतो, मिथेनचा रेणू मोठा, त्याला बाहेर पडता येत नाही, तो आतूनच स्टील फोडतो. वाळवी लागलेली चौकट जशी बाहेरून रंगवलेली छान दिसते आणि हात लावला की खाली येते, तसं. आजही इन्स्पेक्शनवाल्यांची या प्रकाराने झोप उडते, कुठलं स्टील किती तापमानाला किती हायड्रोजन सोसेल याचे नेल्सन कर्व्ह म्हणून चार्ट असतात, ते भिंतीला लावूनच आमची नोकरी गेली. बॉशकडे चार्ट नव्हता. चार्ट कशाचा करायचा असतो हेच त्याच्या फुटलेल्या नळ्यांनी जगाला कळवलं.

मग कार्बन नसलेलं मऊ लोखंड वापरावं तर ते प्रेशर सोसत नाही. जाड करावं तर हायड्रोजन तरी त्यातून झिरपतोच. १९११ च्या सुरुवातीला बॉशने जे काढलं ते ऐकायला इतकं साधं आहे की हसू येतं. दोन थर करा. आतला थर पातळ मऊ लोखंडाचा, त्याने फक्त गॅस धरायचा, ताकदीची अपेक्षा त्याच्याकडून नाही. बाहेरचा जाड स्टीलचा, त्याने प्रेशरचा भार घ्यायचा. आणि आतून जो हायड्रोजन झिरपेल तो दोन थरांच्या मध्ये साठून बाहेरच्या स्टीलला खाऊ नये म्हणून बाहेरच्या थराला बारीक बारीक भोकं पाडा. बस. झिरपलेला हायड्रोजन भोकातून बिनप्रेशरचा निघून जातो, स्टीलच्या वाटेला जात नाही. थोडा गॅस वाया जातो, जाऊ दे.

दोनशे ॲटमॉस्फिअरच्या भांड्याला मुद्दाम भोकं पाडा असं कुणी मीटिंगमध्ये म्हटलं तर त्याला बाहेर चहा प्यायला पाठवतील. प्रॉब्लेम हा आहे की गळतंय, तर गळती थांबवायला सगळे धावणार, आणि हा म्हणतो गळती थांबत नाही ना, मग तिला रस्ता काढून द्या. अख्ख्या करिअरमध्ये एवढी सुंदर आयडिया मी दुसरी बघितलेली नाही. मटेरियल सुधारली, नंतर क्रोम-मॉलिब्डेनमची स्टील आली, पण लायनर, म्हणजे आतला थर, फुटला तर कळावं म्हणून बाहेरच्या कवचाला छोटी भोकं ठेवायची पद्धत आजही अनेक हाय प्रेशर भांड्यांत आहे, युरियाच्या रिॲक्टरला सुद्धा. नाईट शिफ्टला राउंड मारताना त्या भोकांजवळ जाऊन बघायचं, वास येतोय का.

ओपाऊचा कारखाना, लुडविग्सहाफेनच्या शेजारीच, ९ सप्टेंबर १९१३ ला सुरू झाला. डेमोपासून चार वर्षं दोन महिने. आज सगळं माहीत असून नवीन अमोनिया प्लांट उभा करायला किती वर्षं लागतात ते त्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. ज्याने पैसे लावले तो ब्रुंक मात्र बघायला नव्हता, तो १९११ च्या डिसेंबरमध्येच गेला.

खत बनवायला काढलेला कारखाना वर्षभर जेमतेम खत बनवून होतो न होतो तोच युद्ध. इंग्रजांनी समुद्र अडवला, चिलीचा सोरा बंद. जर्मन सैन्याकडे काही महिन्यांचा दारूगोळा. सप्टेंबर १९१४ मध्ये बॉशने सरकारला शब्द दिला की ओपाऊच्या अमोनियापासून सोरा करून देतो, आणि मे १९१५ पासून तो द्यायला लागलाही. त्याच मे मध्ये फ्रेंच विमानांनी लुडविग्सहाफेनवर बाँब टाकले, म्हणून मग दुसरा कारखाना फ्रान्सपासून लांब, जर्मनीच्या मध्यावर लॉयनाला, १९१६ च्या मे मध्ये खोदायला घेतला आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये तिथून पहिले टँकर निघाले. अकरा महिने. इंजिनिअर म्हणून टोपी काढायला होते आणि माणूस म्हणून पोटात गोळा येतो, कारण हे दोन कारखाने नसते तर जर्मनीला युद्ध इतकं लांबवता आलं नसतं असं बरेच इतिहासकार म्हणतात. बॉशला स्वतःला हे काम आवडत नव्हतं म्हणतात. पण केलं.

१९१९ ला तो बीएएसएफचा मुख्य झाला आणि त्याच वर्षी तहाच्या बोलण्यांसाठी तज्ज्ञ म्हणून व्हर्सायला गेला. जर्मन मंडळींना हॉटेलात तारेच्या कुंपणात ठेवलेलं. फ्रेंचांचा विचार होता की ओपाऊ, लॉयना पाडून टाकायचे. तेव्हा या पंचेचाळिशीच्या डायरेक्टरने रात्री भिंतीवरून उडी मारून बाहेर जाऊन फ्रेंच माणसांशी गुपचूप भेट घेतली आणि सौदा केला, कारखाने ठेवा, बदल्यात तुम्हालाही ही टेक्नॉलॉजी देतो. त्यातून तुलूजचा फ्रेंच नत्र कारखाना उभा राहिला. स्वतःची कंपनी वाचवायला शत्रूला गुपित दिलं म्हणून काहीजण नावं ठेवतात, मला विचाराल तर त्या दिवशी टेबलावर त्यातल्या त्यात शहाणा माणूस तोच होता.

आता ओपाऊचं ते दुसरं प्रकरण. २१ सप्टेंबर १९२१, सकाळी साडेसातची वेळ. एका सायलोत (माल साठवायच्या कोठारात) अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचं मिश्र खत, साडेचार हजार टन, ओलाव्याने दगडासारखं बसलेलं. ज्यांनी पावसाळ्यात खताची गोणी उघडलीय त्यांना हे ढेकूळ माहीत असेल. ते फोडायला छोटे डायनामाइट लावायची पद्धत होती, हजारो वेळा लावलेले, काही झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. सव्वाशे मीटर लांबीचा खड्डा पडला, पाचशे एकसष्ट माणसं गेली, दोन हजाराच्या आसपास जखमी, गाव जवळपास सपाट, आवाज तीनशे किलोमीटरवरच्या म्युनिकला ऐकू गेला म्हणतात. बैरूतला २०२० मध्ये जे झालं ते याच कुळातलं. हजारो वेळा काही झालं नाही म्हणजे सेफ आहे, हे वाक्य मी स्वतः किती जणांच्या तोंडून ऐकलंय ते सांगत बसत नाही.

अंत्यविधीला भाषण बॉशने केलं. लाखो लोकांना अन्न मिळावं म्हणून जो पदार्थ बनवला तोच वैरी होऊन उलटला, आणि का ते अजून कळलं नाही, अशा अर्थाचं तो बोलला. नंतर तो आजारी पडला, काही महिने कामावर नव्हता. पुन्हा उभारणीचं काम कार्ल क्राउख नावाच्या हाताखालच्या माणसाने तीन महिन्यांत केलं. हे नाव लक्षात ठेवा.

१९२५ मध्ये जर्मनीतल्या मोठ्या केमिकल कंपन्या एकत्र येऊन आय जी फार्बेन झाली, आणि तिचा पहिला मुख्य कार्ल बॉश. १९३१ ला नोबेल, फ्रीडरिश बेर्गियसबरोबर, हाय प्रेशरच्या पद्धतींसाठी. हाबरला १९१८ चं मिळालं होतंच. कारखान्यातल्या इंजिनिअरिंगला केमिस्ट्रीचं नोबेल, हे तोपर्यंत झालं नव्हतं.

बेर्गियसचं काम म्हणजे कोळशात हायड्रोजन घुसवून पेट्रोल काढायचं. बॉश या कल्पनेच्या प्रेमात पडला होता. अमोनिया झाला, १९२३ ला मिथेनॉल झालं, आता पेट्रोल. १९२७ पासून लॉयनाला निघायलाही लागलं, पण महाग, आणि तेवढ्यात जगात मंदी आली, टेक्सासला तेलाचे साठे सापडले, पेट्रोलचे भाव पडले, कंपनीचे करोडो मार्क अडकले. बंद करायला माणसाचा जीव धजेना. मला वाटतं त्याच्या आयुष्यातली गाठ इथे बसली. आयुष्यभर जो माणूस "अजून थोडं चालवून बघू, होईल" म्हणून जिंकत आला तो इथेही तेच म्हणाला, आणि ते चालवायला पैसा द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक १९३३ मध्ये जर्मनीत सत्तेवर आलेलं होतं. डिसेंबर १९३३ ला करार झाला, सरकार ठरलेल्या भावाने पेट्रोल घेणार, कंपनीने उत्पादन वर्षाला साडेतीन लाख टनांवर न्यायचं. त्याआधी फेब्रुवारीत उद्योगपतींच्या बैठकीनंतर नाझी पक्षाच्या निवडणुकीला कंपनीने चार लाख मार्क दिले होते. बैठकीला बॉश स्वतः नव्हता, पण कंपनीचा मुख्य तोच होता, तेव्हा ते त्याच्या खात्यातून वजा करता येत नाही.

आणि तरी हाच माणूस त्याच वर्षी हिटलरला भेटून म्हणाला की ज्यू शास्त्रज्ञ घालवलेत तर जर्मनीची फिजिक्स-केमिस्ट्री शंभर वर्षं मागे जाईल. हिटलरचं उत्तर म्हणून जे सांगितलं जातं ते असं, मग शंभर वर्षं फिजिक्स-केमिस्ट्रीशिवाय काढू. त्यानंतर हिटलरने त्याला परत जवळ येऊ दिलं नाही म्हणतात.

हाबर ज्यू घरातला. देश सोडून गेला आणि जानेवारी १९३४ ला बाझलला वारला. वर्षभराने फिजिसिस्ट मॅक्स प्लांकने बर्लिनला त्याची स्मृतिसभा ठेवली तर सरकारने प्रोफेसर लोकांना जायला बंदी घातली. बॉश गेला, कंपनीची माणसं घेऊन गेला. १९३८ मध्ये ज्यू घरातल्या फिजिसिस्ट लीझ माइटनरला देशाबाहेर जाऊ द्या म्हणून गृहमंत्र्याला पत्र लिहिणाराही बॉशच, तेव्हा तो प्लांकच्या जागी कैसर विल्हेल्म सोसायटी या जर्मनीतल्या मोठ्या संशोधन संस्थेचा अध्यक्ष होता. परवानगी नाकारली गेली, ती बिचारी शेवटी गुपचूप हॉलंडमार्गे निसटली. पण त्याच १९३८ मध्ये आय जी फार्बेनच्या सुपरवायझरी बोर्डावरचे ज्यू सदस्य काढले गेले, आणि त्या बोर्डाचा अध्यक्ष पण बॉशच. एका हाताने पत्र, दुसऱ्या हाताने ते. मी त्याची बाजू घ्यायचा खूप प्रयत्न केला पण या ठिकाणी येऊन अडतो.

घरी मात्र हा माणूस वेगळाच. मीटिंगा टाळायचा, भाषणं आवडायची नाहीत. किडे गोळा करायचा, फुलपाखरं, खनिजं, वनस्पती, हायडेलबर्गच्या घरी स्वतःची दुर्बीण बसवलेली वेधशाळा. तिथलं प्राणिसंग्रहालयही त्याच्या मदतीने उभं राहिलं. खनिजांचा संग्रह पुढे अमेरिकेत गेला, किड्यांचा फ्रँकफर्टच्या म्युझियममध्ये. १९३५ नंतर कंपनीतलं रोजचं काम सुटलं तसा तो खचत गेला, दारू वाढली. ७ मे १९३९ ला म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये तो भाषणाला उभा राहिला, थोडी घेतलेलीच होती म्हणतात, आणि सगळ्यांसमोर बोलून गेला की विज्ञानाला मोकळीक नसेल तर ते मरतं. समोर पक्षाची माणसं बसलेली. त्यानंतर त्याच्याकडची बरीच पदं काढून घेतली.

२६ एप्रिल १९४० ला हायडेलबर्गला गेला, पासष्टाव्या वर्षी. जाण्याआधी त्याने जे सांगितलं ते ऐकून काटा येतो. सुरुवातीला सगळं नीट चालेल, फ्रान्स जाईल, मग हा माणूस रशियावर जाण्याचा गाढवपणा करेल, आणि मग आकाश विमानांनी काळं होईल, जर्मनीतली शहरं, कारखाने काही उरणार नाही. फ्रान्स पडायला तेव्हा दोन महिने होते आणि रशियावरच्या स्वारीला वर्षापेक्षा जास्त.

तो ज्या कारखान्याबद्दल बोलत होता तो लॉयना १९४४ पासून बाँबखाली आला, कारण जर्मन विमानांचं पेट्रोल तिथून येत होतं. आय जी फार्बेनने ऑश्वित्झच्या छळछावणीजवळ मोनोविट्झला कारखाना टाकला, कैद्यांकडून काम करून घेतलं, झायक्लॉन-बी (छावण्यांत माणसं मारायला वापरलेलं विष) विकणाऱ्या कंपनीत हिस्सा ठेवला. लक्षात ठेवा म्हटलं होतं तो क्राउख, बॉशच्या पठडीत तयार झालेला, बॉशनंतर सुपरवायझरी बोर्डाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसला, आणि न्युरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात गुलाम मजुरीसाठी त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. कंपनी मोडून परत बीएएसएफ, बायर, होख्स्ट अशा वेगळ्या झाल्या.

आज जगात वर्षाला अठरा कोटी टनांच्या आसपास अमोनिया बनतो, बहुतेक सगळा याच पद्धतीने, आणि जगातली जवळपास निम्मी माणसं त्याच्या जिवावर जेवतात असा अंदाज आहे. आपल्याकडे थळच्या, ट्रॉम्बेच्या खत कारखान्यांत तेच, फक्त कोकच्या जागी नैसर्गिक गॅस. दोनशे सहासष्ट रुपये पन्नास पैशाची युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी, आणि ती मागायला गेलं की दुकानदार वर दुसरं काहीतरी गळ्यात मारणार, लिंकिंग म्हणतात त्याला, ते वेगळंच दुखणं, त्यावर परत कधीतरी लिहीन.

लुडविग्सहाफेनला अमोनिया अजून बनतो. पण २०२३ मध्ये बीएएसएफने जाहीर केलं की तिथल्या दोन अमोनिया प्लांटपैकी एक बंद करतोय, रशियाचा गॅस गेला आणि परवडत नाही म्हणून.